काटा, चप्पल, उशी: हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ वाचलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘हार्ट बंद पडलं म्हणजे?’ बंद पडलेलं नाही. हृदय चालू आहे, पण अंगाला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतंय. पुढे न गेलेलं मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात आणि पोटात तुंबलं की सूज येते. त्यात किडनीची गफलत होते. तिच्याकडे रक्त कमी पोचतं, तिला वाटतं अंगात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवते आणि तुंबलेलं आणखी वाढतं. पुढचं बहुतेक पथ्य आणि बऱ्याचशा गोळ्या याच गफलतीवरचा उपाय आहेत.

दुसरा धसका ‘पंपिंग ३५ टक्के’ या आकड्याचा. हे शंभरपैकी पडलेले मार्क नव्हेत. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५० ते ७० टक्केच टाकतं. ४० किंवा त्याखाली आलं तर पंपिंग कमी म्हणायचं. उलटही घडतं. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५५ येतं आणि तरी पेशंटला दम लागतो, कारण हृदयाचा स्नायू ताठर झालेला असतो, नीट सैल पडून भरत नाही. बीपी, शुगर आणि वजन असलेल्या वयस्क बायकांमध्ये हे बरंच दिसतं. ‘पंपिंग नॉर्मल आहे, आईला काही नाही’ असं म्हणून तिला परत चुलीपुढे बसवू नका.

पाणी साठायला लागलं की ते आधी काट्यावर दिसतं, मग चपलेत, मग उशीत. दम लागेपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा तीन-चार दिवस हातचे गेलेले असतात.

काटा

साधा डिजिटल वजनकाटा घ्या. तो सपाट फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर किंवा घोंगड्यावर नाही. सारवलेली जमीन असेल तर खाली लाकडी फळी टाका आणि काटा रोज त्याच जागी ठेवा.

१. सकाळी उठल्यावर लघवी करून यायचं.
२. चहा, पाणी, गोळ्या यांच्या आधी, अनवाणी, रोज साधारण त्याच कपड्यांत उभं राहायचं.
३. आकडा लगेच वहीत लिहायचा. शेजारी बीपी, नाडी आणि ‘दम: आहे / नाही’ एवढंच.

दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा जुळत नाहीत. म्हणून घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी घरच्या काट्यावर जे येईल तो आपला आकडा धरायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचा. सूज पूर्ण उतरल्यावर डॉक्टर ‘कोरडं वजन’ सांगतात, तेव्हा तो बदलायचा.

आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालं किंवा पोट साफ झालं नाही, तर तीन-चारशे ग्रॅम इकडेतिकडे होतातच. पण एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नाही. इतक्या झपाट्याने चरबी चढत नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा २ किलो म्हणजे अंगात दोन लिटर पाणी साठलंय. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, दम नसला तरी. काही डॉक्टर आधीच लिहून देतात की इतकं वजन वाढलं तर पाण्याची, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी, जादा अर्धी गोळी तीन दिवस. तसं लिहून मागून घ्या. स्वतःच्या मनाने मात्र वाढवू नका.

उलट्या बाजूचंही लक्ष ठेवा. वजन दीड-दोन किलोनं उतरलं, उभं राहिलं की गरगरतं, लघवी कमी आणि गडद होते, म्हणजे अंग कोरडं पडलंय. माण, खटाव, जत, आटपाडी भागात एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं: घाम वेगळा आणि गोळी वेगळं पाणी काढते. अशा वेळी गोळी कमी करावी लागू शकते. तोही निर्णय फोन करूनच.

ज्यांना उभंच राहता येत नाही, त्यांच्या पोटरीवर पेनाने खूण करा आणि शिवणाच्या टेपने रोज तिथेच घेर मोजा.

चप्पल आणि उशी

नेहमीची कोल्हापुरी चप्पल संध्याकाळी अंगठ्याला आवळते, पट्ट्याचा वळ उमटतो, पायातल्या जोडव्या फिरेनाशा होतात. या बारीक गोष्टी घरच्या बायकांना आधी दिसतात. खात्री करायची तर नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा राहिला तर ते पाणी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायावर सूज न दिसता कमरेखाली, माकडहाडाजवळ दिसते, तिथे दाबून बघा.

उशांचा हिशेब असा. काल एका उशीवर झोप लागत होती आणि आज दोन-तीन लागल्या, रात्री दीड-दोनला धाप लागून उठून बसावं लागलं, खिडकी उघडावी लागली, किंवा आडवं झालं की कोरडा खोकला सुरू आणि बसलं की कमी, ही सगळी फुप्फुसात पाणी चढल्याची लक्षणं. खोकल्याचं औषध पाजत बसायची ही वेळ नाही.

आणि एक फसवं लक्षण. पोट गच्च, दोन घास खाल्ले की पुरे, मळमळ. अण्णा म्हणणार, ‘काही नाही, जरा गॅस झालाय.’ पुष्कळदा तो गॅस नसतो, यकृत आणि आतड्यांत रक्त तुंबलेलं असतं. त्या दिवशी वजनाची वही उघडून बघा. वर सोड्याची पुडी तर देऊच नका, तो निव्वळ सोडियम.

लगेच १०८

बसल्याजागी धाप, एक वाक्य पुरं बोलता येत नाही, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळसर, अचानक बरळणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पेशंटला खुर्चीत किंवा खाटेच्या कडेला ताठ बसवा, पाय खाली सोडलेले, कपडे सैल. आडवं झोपवू नका, जीपच्या मागच्या सीटवरसुद्धा नाही. पाणी पाजू नका. वाडी आडबाजूला असेल तर आधी ऑक्सिजन असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि तिथून पुढे मिरज, सांगली, कऱ्हाड किंवा साताऱ्याला हलवा. ऑक्सिजनशिवाय थेट मोठं शहर गाठायची घाई महागात पडते.

मीठ: भांडण इथेच होतं

दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. त्यात आमटी, भाजी, लोणचं, चटणी, बाहेरचं, सगळं आलं. घरात किती लागतं ते कळायला सोपा हिशेब आहे. चार माणसांनी ५ ग्रॅमप्रमाणे खाल्लं तर एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. ती २५ दिवसांत संपत असेल, तर माणशी १० ग्रॅम जातंय, बाहेरचं खाणं वेगळंच. नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख टाकून ठेवा.

‘आम्ही तर आमटीत मीठच घालत नाही’ असं सांगणाऱ्या घरातही सूज उतरत नाही, तेव्हा बघायची जागा म्हणजे चटणीची बरणी. आपल्याकडची वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटताना त्यात खडेमीठ पडलेलं असतं. ती टिकते ती त्याच्याच जिवावर. दोन चमचे चटणी आमटीत गेली की तेवढं मीठ गुपचूप गेलं. भाकरीबरोबर कोरडी खाल्ली तर आणखी. उपाय अवघड नाही. पुढच्या वेळी किलोभर मिरचीचा घाणा बिनमिठाचा वेगळा करून घ्या. मीठ नसल्याने तो बाहेर टिकणार नाही, म्हणून फ्रिजमध्ये, छोट्या डब्यांत ठेवा. बाजारची तयार चटणी घेणार असाल तर पाकिटावर मीठ आहे का ते वाचा.

स्वयंपाक असा करा. आमटी-भाजी बिनमिठाची शिजवा, पेशंटची वाटी बाजूला काढा आणि मग उरलेल्यात मीठ घाला. पेशंटसाठी सकाळीच एका छोट्या डबीत ३ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त, काढून ठेवा. दिवसभर वरून घालायचं ते त्याच डबीतलं. बाकीचे दोन ग्रॅम दूध, पाव, बिस्किटं यांतून न सांगता येतात. भाकरीच्या आणि भाताच्या पाण्यात मीठ घालायचं काही कारण नाही. चवीसाठी लिंबू, चिंच, लसूण, आलं, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, थोडं ओलं खोबरं वापरा. आमसूल चालेल, पण मिठात मुरवलेलं आगळ नको. पहिले दोन-तीन आठवडे जेवण सपक लागतं, ताट सरकवलं जातं, रुसवे होतात. मग जीभ सरावते आणि शेजारची आमटी खारट लागू लागते.

लोणचं, पापड, सांडगे, खारे दाणे, फरसाण, वेफर्स, मिसळीवरची शेव, सोडा घातलेली भजी आणि ढोकळा हे बंद. भडंगाचं काय, हे सांगलीत विचारलं जाणारच. दुकानातलं नको. हवंच असेल तर घरी बिनमिठाच्या चुरमुऱ्याला लसूण-मिरचीची फोडणी द्या, वर लिंबू पिळा आणि ते त्याच दिवशी संपवा. आणायच्या आधी चुरमुरा चाखून बघा, बहुतेक ठिकाणी तो खारवलेलाच मिळतो.

सैंधव म्हणजेही मीठच. ‘लो सोडियम’ मीठ त्याहून घातक ठरू शकतं, कारण त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम भरलेलं असतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या मुळातच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. दोन्ही एकत्र झाले तर हृदयाची लय बिघडू शकते. याच कारणाने रोज शहाळं पिणं आणि तासगावचे बेदाणे मूठमूठ खाणं या गोळ्यांवर असताना विचारूनच करा.

पाणी

पाण्यावर सरसकट बंधन नको. ज्यांना डॉक्टरांनी दीड किंवा दोन लिटरचा आकडा दिलाय, त्यांनीच तो पाळायचा. तांब्याने अंदाज चुकतो. सकाळी आकड्याइतकं पाणी बाटल्यांत भरून ठेवा. चहा, ताक, दूध, पातळ आमटी पोटात गेली की तेवढंच पाणी त्या बाटलीतून ओतून टाका. बाटली संपली की दिवसाचं संपलं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, लिंबाची फोड चोखा, वेलदोडा तोंडात धरा.

गोळ्या कशाला आहेत

पाकिटात चार-पाच गोळ्या दिसल्या की एखादी कमी करावीशी वाटते. म्हणून कुठली काय करते ते माहीत हवं.

पाण्याची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, तुंबलेलं पाणी लघवीवाटे काढते. फ्युरोसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. टॉर्सेमाइड थोडं जास्त वेळ चालतं. म्हणून ही सकाळी घ्यायची, आणि दुसरा डोस असेल तर दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठबस आणि अंधारात मोरीकडे जाताना पडणं. जतहून मिरजेला एसटीने तपासणीला जायचं त्या दिवशी ‘वाटेत सोय नाही’ म्हणून ही गोळीच बुडवली जाते. बुडवू नका. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, बहुधा पोचल्यावर किंवा दुपारी परत आल्यावर चालते.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन हृदयावरचा भार हलका करतात. बीपी वाढलंय म्हणून दिलेल्या नसतात. ‘बीपी तर नॉर्मल आहे’ म्हणून बंद करू नका. रॅमिप्रिलने काहींना कोरडी ढास लागते, तसं सांगितलं की डॉक्टर बदलून देतात. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल सोडून सॅक्युबिट्रिलवर जाताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर ओठ-जीभ सुजू शकते. जुनी स्ट्रिप घरात ठेवूच नका.

मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बायसोप्रोलॉल ठोके संथ करतात. पहिले काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटतं, पुढे तेच हृदयाला सावरतात. अचानक बंद करणं धोक्याचं. नाडी ५० च्या खाली किंवा वरचं बीपी ९० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल तर फोन करा.

स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती दुखते किंवा फुगते. लाजेने हे सांगितलं जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. सांगा, दुसरी गोळी आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन पाहून ‘शुगर नसताना शुगरची गोळी का?’ असं मेडिकलवालाही विचारतो. ती इथे हृदयासाठी आहे. लघवीच्या जागी खाज येऊ शकते, जागा धुऊन कोरडी ठेवा. उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा ऑपरेशनच्या आधी ती थांबवावी लागते. म्हणून एकादशी आणि नवरात्राचं आधी विचारा, निर्जळी तर करूच नका.

या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), सोडियम, पोटॅशियम तपासायचं. बरेच लोक ही तपासणी चुकवतात आणि मग मोठ्या खर्चात पडतात. बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात, नाव मात्र ब्रँडचं न सांगता औषधाचं सांगा.

घरात येऊ नयेत अशा गोष्टी

पहिली, अंगदुखीच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक. गुडघा दुखतो म्हणून चार दिवस घेतल्या की किडनी मीठ धरते, पाण्याची गोळी लागू पडत नाही आणि आठवड्यात सूज परत येते. त्याऐवजी पॅरासिटामॉल.

दुसरी, ‘अशक्तपणाचं सलाईन’. गावात हे सर्रास चालतं. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळपास दिवसाचं सगळं मीठ आणि वर अर्धा लिटर पाणी, थेट शिरेत. कुणीही सुई लावायच्या आधी ‘हार्ट फेल्युअर आहे’ हे सांगायचं काम सोबत आलेल्या माणसाचं.

तिसरी, ज्येष्ठमधाचे काढे. घशाला बरे, पण रोज घेतले तर मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम उतरवतात. पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळीही पाणी साठवते, आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, गुटखा, दारू बंद, आणि त्यात आजीची मिश्रीही धरा. ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणताना ती मोजलीच जात नाही.

शेत, चालणं, उपास-तापास

अंथरुणात पडून राहायचं नाही. दम स्थिर असेल तर सपाटीवर ५ ते १० मिनिटांपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्या. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी. जेवणानंतर लगेच नको, चढ नको. अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्या आणि यवतेश्वरचा घाट पुढच्या वर्षी बघू.

१६ लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर वीसेक किलो होतात, वर औषधाचा वास. ते काम दुसऱ्याकडे द्या. रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजायला जाणं, मोळ्या उचलणं, विहिरीवरून घागरी आणणं यांचंही तेच. बसून करायची कामं चालतात: निवडणं, सोलणं, हिशेब. माउलींची पालखी लोणंद-फलटणकडून जाते तेव्हा निघायची ओढ असते. दर्शन घ्या, एखादा सपाट टप्पा डॉक्टर हो म्हणाले तर चाला, पण पंगतीतलं जेवण खारट असतं हे धरून डबा बरोबर न्या.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. साधा ताप-खोकलाही या पेशंटला दवाखान्यात नेऊन ठेवतो.

कृष्णाकाठच्या घरांसाठी खास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात सांगलीत रस्ते बंद होते, मेडिकल दुकानंही पाण्यात होती. जून संपायच्या आत १५ दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, शेवटच्या एकोचा रिपोर्ट आणि वजनाची वही घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. घर सोडायची वेळ आली तर ती पिशवी आणि काटा, दोन्ही बरोबर.

तपासणीला जाताना

डिस्चार्जनंतर एक-दोन आठवड्यांत पहिली तपासणी, बरं वाटत असलं तरी. वही, चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा (कागदावरची यादी नव्हे, स्ट्रिपाच, त्यात बाहेरून घेतलेल्याही आल्या), जुने रिपोर्ट, आणि योजनेतून उपचार चालू असतील तर रेशन कार्ड व आधार. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून आणा: माझं कोरडं वजन किती, किती वाढलं की फोन करू, कुठल्या नंबरवर. थकवा फार असेल तर रक्तातलं लोह तपासायचं का, तेही विचारा. ते कमी असणं या आजारात नेहमीचं आहे आणि त्यावर इलाज आहे.

तीन ते सहा महिन्यांनी एको परत होतो. पंपिंग ३५ वरून ५० वर गेलेलं दिसलं की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ ‘आता गोळ्या बंद का?’ हा प्रश्न. लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत असे सुधारलेले पेशंट घेऊन, देखरेखीखाली, त्यांच्या गोळ्या हळूहळू बंद करून पाहिल्या. सहा महिन्यांत दर दहापैकी साधारण चौघांचं हृदय पुन्हा ढासळलं. तेव्हा पेढा खा, शुगर नसेल तर, आणि गोळ्या चालू ठेवा.